सवलत दहावीत, गरज आठवीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीची आवेदनपत्रे भरायची वेळ आली की गावोगावच्या हायस्कुलांत अध्ययन अक्षम (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडणाऱ्या) विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या सवलतीची आठवण होते. प्रमाणपत्र कुठून आणायचे, लेखनिक (मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणारा) कोण, प्रस्ताव कधी पाठवायचा, सगळी धावपळ दिवाळीच्या आगेमागे. नेमकी तेव्हाच सोयाबीनची सवंगणी आणि कापसाची वेचणी सुरू असते. नागपूर किंवा अमरावती विभागीय मंडळाकडे प्रस्ताव गेला की शाळा मोकळी होते. पण वाचताना अडखळणाऱ्या मुलाला शेवटच्या चार महिन्यांत सवलतीचा कागद मिळाला, तरी वाचन येत नाही. असे मूल ओळखून त्याला मदत करायचे काम आठवीतच, शाळा उघडल्यावर पहिल्या महिन्यात सुरू व्हायला हवे.

ओळखायला यंत्र लागत नाही. श्रुतलेखनाची वही घ्या, दहा ओळींतल्या चुकांभोवती गोल करा. घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल, गळालेला रफार, भलत्याच अक्षराला लागलेली वेलांटी अशा त्याच त्या चुका पानापानावर दिसतात का पाहा. मग विज्ञानातला एकच प्रश्न आधी तोंडी आणि नंतर लेखी विचारा. तोंडी उत्तर नीट आले आणि कागदावर दोन तुटक ओळी उतरल्या, तर शंका घ्यायला जागा आहे. दोन्हीकडे काहीच आले नाही, तर कारण दुसरे असू शकते. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी ही मुले हजर राहतील एवढे तरी बघावे. मेळघाटात कोरकू, यवतमाळच्या पट्ट्यात कोलामी, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणारे मूल प्रमाण मराठीत अडते, तेव्हा ती अक्षमता नसते. त्याला भाषेची मदत हवी असते. या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते आणि तिचा त्रास दोन्ही प्रकारच्या मुलांना होतो.

गणितातले एक उदाहरण जवळून बघा. 'बेचाळीस' म्हटले की मूल २४ लिहिते. आपण त्याला निष्काळजी ठरवतो. पण मराठीत एकक आधी उच्चारतो, दशक नंतर. ऐकलेल्या क्रमाने लिहिले तर २४च येणार. बाकीची मुले पाठांतराने हा अडथळा ओलांडतात, याला ते जमत नाही. वहीत दशक आणि एकक अशी दोन घरे आखा, 'चाळीस आणि दोन' असे म्हणायला लावा, आधी चाळीसचा ४ पहिल्या घरात बसू द्या. एकोणचाळीसला 'चाळीसला एक कमी'. महिनाभर रोज दहा संख्या. तेच भाषेत 'र'चे. वर्ग, ग्राम, ट्रक, वाऱ्या या चार शब्दांत एकच र चार रूपांत येतो. चारही रूपे एकाच दिवशी शिकवली की गोंधळ वाढतो. आठवड्याला एकच रूप घ्यावे.

उपचारात्मक वर्गात (अशा मुलांसाठी घेतलेल्या वेगळ्या तासाला) पाच-सहा मुलेच असावीत. पस्तीस मिनिटांचा तास, आठवड्यातून चार दिवस. पहिली दहा मिनिटे जुन्या शब्दांची उजळणी, पंधरा मिनिटे नवे रूप (बोटाने गिरवत, मोठ्याने म्हणत), उरलेली दहा मिनिटे शिक्षकाबरोबर जोडीने वाचन. वाचताना ओळीखाली पट्टी धरावी. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावल्याने फक्त हात दुखतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे हा तास खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून कापणे. ज्या एका ठिकाणी ते मूल पुढे असते, तेच हिरावले की ते वर्गाला यायचेच टाळते. वेचणीच्या दिवसांत मुले आठ-आठ दिवस गैरहजर राहतात, म्हणून कुठवर आलो याचे छोटे कार्ड दप्तरातच ठेवावे.

परीक्षेच्या सवलतींना सरावाची जोड हवी. तासाला २० मिनिटे जादा म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आणि गणिताच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे. चार तास बसायची सवय नसेल तर शेवटचा तास वाया जातो. लेखनिक खालच्या वर्गातला असतो. त्याला उत्तर सांगणे ही वेगळी कला आहे. कुठे थांबायचे, परिच्छेद कुठे बदलायचा, आकृतीतला बिंदू कसा सांगायचा, हे नववीच्या घटक चाचण्यांपासूनच करून घ्यावे. लेखनिक आजारी पडतो, म्हणून एक राखीव ठेवावा. आणि पेपर ११ वाजता सुरू झाला तर जादा वेळेचे मूल तीननंतरच बाहेर पडते. तोवर सोबत्यांची एसटी गेलेली असते. परत न्यायची सोय शाळेने आधीच ठरवावी.

उरतो प्रमाणपत्राचा प्रश्न. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. धारणी ते अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, सिरोंचा ते गडचिरोली दोनशेवर. बुद्ध्यंक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या एका खेपेत बहुधा होत नाहीत. आईबापांची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते आणि ते मग दुसऱ्या खेपेला जातच नाहीत.

म्हणून आमची शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही विभागांना विनंती आहे की वेचणीच्या आत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, प्रत्येक तालुक्याच्या गट साधन केंद्रात (शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरच्या केंद्रात) आठवी-नववीच्या मुलांसाठी तपासणी शिबिर घ्यावे. मानसशास्त्रज्ञ तिथेच यावेत, सलग दोन दिवस थांबावेत, आणि स्थानिक बोली जाणणारी एक व्यक्ती त्यांच्याजवळ बसवावी. मुख्याध्यापकांनी त्याआधी वर सांगितलेली वही-तपासणी करून नावे पाठवली, तर शिबिरात गर्दी न होता खरी गरज असलेली मुले पोहोचतील.

आपले,
ग्रामीण भागात काम करणारे काही विशेष शिक्षक,
यवतमाळ जिल्हा