शिक्षकांच्या ग्रुपवर शिक्षकांना बोलू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे छोट्या गावांत एका खोलीत दोन-तीन वर्ग सांभाळणे नेहमीचेच आहे. अडलेच तर विचारायचे कोणाला? आमची स्टाफरूम मोबाईलवरच भरते.

गेल्या सत्रात आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका नव्या शिक्षिकेने शिक्षकांच्या ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो टाकला. 52 मधून 17 वजा करून मुलाने 45 लिहिले होते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले होते. वर्गातली निम्मी मुले असेच करत होती. एका जुन्याजाणत्या सरांनी व्हॉइस नोट पाठवली : 'मॅडम, फळ्यावर परत परत सांगू नका. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे अन् दोन सुट्या काड्या त्याच्या हातात द्या आणि म्हणा, मला सतरा दे. सात सुट्या देता येत नाहीत म्हटल्यावर तो आपणच एक गठ्ठा सोडेल.' दुसऱ्या मॅडमनी भर घातली : गठ्ठा सोडल्यावर सुट्या काड्या त्याला मोजू द्या, 'बारा झाल्या' हे त्याच्या तोंडून येऊ द्या, मगच वहीकडे वळा. इतके नेमके मार्गदर्शन मला दिवसभराच्या प्रशिक्षणातही क्वचितच मिळाले आहे.

दुपारी त्याच ग्रुपवर 'लिंक तात्काळ भरा', 'निरंक असल्यास तसे कळवा' सुरू झाले, आणि त्याखाली एकेका शाळेचे 'माहिती सादर'. काड्यांची चर्चा त्यात बुडाली. पुढे बदलून आलेल्या एका शिक्षकाने हाच प्रश्न विचारला, तेव्हा ती व्हॉइस नोट कोणालाच सापडेना.

त्याहून मोठी अडचण भीतीची आहे. ग्रुपमध्ये वरिष्ठ असले की 'माझ्या वर्गातल्या मुलांना अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत' असे कोण लिहील? निपुण भारत अभियान 2021 मध्ये सुरू झाले, 2026-27 पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे त्याचे उद्दिष्ट. उद्दिष्ट मला मनापासून पटते. पण अडचण सांगितली की खुलासा मागतील या धास्तीने शिक्षक गप्प बसतो, आणि मूल तिथेच अडून राहते.

अभ्यासाचे साहित्य देणारे सरकारी दीक्षा ॲप 2017 पासून आहे, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आहेत. त्यांचा उपयोग होतो. पण माझ्या वर्गातल्या मुलाची वही ते पाहू शकत नाहीत. ते काम दुसरा शिक्षकच करू शकतो.

म्हणून विनंती आहे, साहेब, की आणखी एक ॲप नको. प्रशासकीय सूचनांचा ग्रुप वेगळा करा आणि अध्यापनाच्या ग्रुपमधून अधिकाऱ्यांना बाहेर ठेवा. तिथले बोलणे कोणाच्याही मूल्यमापनात धरले जाणार नाही, असे लेखी परिपत्रक काढा. प्रत्येक केंद्रात एका शिक्षकाला ग्रुप सांभाळायला आठवड्यातून थोडा वेळ अधिकृतपणे द्या. चांगले प्रश्न, उत्तरे, व्हॉइस नोट इयत्ता आणि घटकानुसार लावून ठेवणे, मुलांचे चेहरे आणि नावे बाहेर जाऊ न देणे हे त्याचे काम. हा साठा शोधता यावा आणि रेंज नसलेल्या पाड्यावरही उघडावा. कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांनी स्वतः जमवलेले शब्दसंग्रहही त्यात यावेत. आज ते एकेकाच्या फोनमध्ये पडून आहेत आणि बदलीबरोबर निघून जातात.

केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, दर महिन्याला होतेच. तिचा पहिला तास सूचना वाचण्यात न घालवता, महिनाभरात ग्रुपवर आलेल्या एखाद्या अवघड प्रश्नाला द्यावा. पुढच्या परिषदेपासून एका तालुक्यात तरी सुरुवात करा. ग्रुप सांभाळायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक जिल्हा परिषद शिक्षिका