कागद फाडण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

घरातले कागद स्कॅन करून कपाट मोकळं करायला घेतलंयस, उत्तम. पण प्रत्येक वेळी आधी ठरव की यातलं अस्सल काय आहे. कधी कागद अस्सल आणि स्कॅन नक्कल, तर कधी फाइलच अस्सल.

महाभूमी या राज्य सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरून घेतलेला डिजिटल सहीचा सातबारा किंवा ई-आधार यांची सही फाइलच्या आत असते. पासवर्डचा त्रास नको म्हणून लोक ती फाइल उघडून ‘प्रिंट टू पीडीएफ’ करतात आणि तिथेच सही जाते, उरतं ते तिचं चित्र. म्हणून उतरवलेली मूळ फाइल तशीच ठेव. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे फाइल खोटी असं नाही. अ‍ॅक्रोबॅट रीडरला ते प्रमाणपत्र ओळखीचं नसतं, एवढंच. सहीवर राइट-क्लिक करून पडताळणी करून घे. डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्येही फक्त ‘इश्यूड’मधले दाखले मूळ प्रतीच्या तोडीचे. आपण स्वतः अपलोड केलेले म्हणजे साधी झेरॉक्स.

स्कॅन 300 डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅन किती बारीक व्हावा त्याचं माप) आणि रंगीत कर. मोबाईलमधला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर फिकट शिक्के खाऊन टाकतो. पाठपोट घे, कोरी वाटली तरी: मुद्रांकाच्या पाठीवर विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख असते. फ्रिज, एसीची बिलं सर्वांत आधी. तो थर्मल कागद असतो, उन्हाने, उष्णतेने, अगदी प्लॅस्टिकच्या पाकिटातही अक्षरं उडतात. लॅमिनेट केलास तर काळाच पडेल.

लॅमिनेशन एकंदरीतच नको. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतराच्या नोंदी करायच्या असतात; प्लॅस्टिकवर सचिव सही कुठे करणार? ते सर्टिफिकेट, खरेदीखत, सूची क्रमांक 2 (म्हणजे नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), एलआयसीचा बाँड यांचा स्कॅन कर, पण कागद फाडू नकोस. मृत्युपत्र तर कागदावरच हवं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 त्याला लागूच होत नाही. घरात भिंत पाडली, बांधकाम वाढवलं, त्याची बिलं घर विकेपर्यंत सांभाळ, भांडवली नफ्याचा हिशेब करताना लागतात. आयकराचे कागद मी आठ वर्षं ठेवायला सांगेन. वीजबिलं खुशाल रद्दीत घाल.

फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस: 2025-04-10. म्हणजे यादी आपोआप तारखेनुसार लागते. पुढचा विषय रोमन अक्षरांत लिही, काही सरकारी पोर्टलं देवनागरी नावाची फाइल घेत नाहीत.

प्रती तीन हव्यात: लॅपटॉपवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि क्लाउडवर. गुगल ड्राइव्ह सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप झाला असं समजू नकोस, एकीकडे पुसलेलं दुसरीकडेही पुसलं जातं. आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल बंद करू शकतं, तेव्हा कागदांसाठी वेगळं खातं काढलंस तर त्यात अधूनमधून लॉगिन करत जा. व्हॉट्सअ‍ॅपवर दाखला पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, फोटो म्हणून पाठवला की दर्जा घसरतो.

रद्दीत जाणाऱ्या आधार-पॅनच्या झेरॉक्स नुसत्या दोन तुकडे करून टाकू नकोस, नंबर आणि सही यांवरून आडवी-उभी कात्री फिरव.

तुझे,
बाबा