निवृत्त होणाऱ्या सरांच्या जागी कोण येणार? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सन्माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मी रुजू झाले तेव्हा शिक्षक खोलीत बहुतेक सगळे पुरुष होते. त्यातले बरेच जण निवृत्त झाले. जे उरलेत ते पन्नाशी ओलांडलेले, आणि त्यांच्या मागे तिशीतला एकही शिक्षक नाही. तालुक्यातल्या इतर शाळांतल्या मैत्रिणींकडूनही हेच ऐकते.

यू-डायस प्लस या केंद्राच्या शाळा-आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये देशातल्या शिक्षकांत महिलांचं प्रमाण सुमारे ४७ टक्के होतं, २०२४-२५ मध्ये ते ५४.२ टक्के झालं. सावित्रीबाईंच्या राज्यातली शिक्षिका म्हणून मला या वाढीचा अभिमान आहे. पण टक्केवारीमागे काय दडलंय ते पाहायला हवं. आमच्या शाळेतही महिलांचं प्रमाण वाढलंय. ते वाढलं कारण सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. नवीन बाई आल्या नाहीत, नवीन सरही आले नाहीत. कागदावर मात्र आमची शाळा प्रगतीच्या बाजूला दिसेल.

काही जण याचं खापर महिलांच्या ३० टक्के समांतर आरक्षणावर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गात महिलांसाठी राखलेल्या जागांवर, फोडतात. ते मला साफ अमान्य आहे. भरतीच झाली नाही तर आरक्षण कोणाचं काय हिरावून घेणार?

खरं कारण सरकारी निर्णयांत सापडतं. २०११ च्या ऑक्टोबरात पटपडताळणी (शाळांतल्या विद्यार्थिसंख्येची तपासणी) झाली, शिक्षक अतिरिक्त, म्हणजे गरजेपेक्षा जास्त, ठरले आणि २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने खासगी शाळांतली भरती थांबली. पुढे शिक्षकभरतीसाठी पवित्र हे ऑनलाइन पोर्टल आलं. त्या भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, ती पुन्हा थेट २०२३ मध्ये. २०१८ मध्ये बी.एड. झालेल्या मुलाने ही पाच वर्षं काय करावं? माझे विद्यार्थी असलेली अशी मुलं मला ठाऊक आहेत. कुणी पोलीस भरतीला गेलं, कुणी पुण्यात खासगी क्लासला लागलं, कुणी द्राक्षबागेत परत आलं. चांगली गणितं सोडवणारी मुलं होती ती.

एवढं करून जो निवडला जातो, तो आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर. माध्यमिकचं मानधन ८ हजार होतं, १ जानेवारी २०२३ पासून १८ हजार झालं. शेजारच्या वर्गात तोच विषय शिकवणाऱ्या नियमित शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ३८ हजार ६०० आहे, महागाई भत्ता वेगळा. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांत तर वीस-चाळीस टक्के अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहण्यात माणसाची उमेद संपते. त्यात नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. गावाकडे अशा मुलाला मुलगी कोण देतं? स्थळं बघताना ‘शिक्षक आहे’ म्हटलं की एकेकाळी घरचे सुखावायचे. आता पुढचा प्रश्न येतो, ‘पगार चालू झाला का?’

आणि इथेच मला शिक्षिका म्हणून बोलायचं आहे. घर चालवायचा भार ज्याच्यावर टाकला जातो तो मुलगा १८ हजारात थांबत नाही, निघून जातो. मग तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांत, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नसताना कोण शिकवतं? बहुतेक वेळा गावात लग्न होऊन आलेली बी.एड. सून. ‘घरबसल्या तेवढंच’ असं तिला सांगितलं जातं. पुरुष शिक्षक कमी होणं आणि शिक्षिकेच्या श्रमाची किंमत पाडणं ही एकाच धोरणाची फळं आहेत. पूर्ण पगार द्या, जागा कायम करा. मग त्या जागेवर बाई येवो की सर, माझी काही तक्रार नाही.

मुलांच्या बाजूनेही बघा. आमचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाल्यापासून कबड्डीचा संघ जिल्ह्याला नेताना दरवेळी पंचाईत होते, कारण मुक्कामी जाताना मुलांसोबत सर हवेत आणि मुलींसोबत मॅडम. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शरीरातल्या बदलांविषयी माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही. मी कितीही सहज वागले तरी नाही. ज्याच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्याला आपल्यासारख्याच घरातून आलेला एक शिकलेला पुरुष रोज समोर दिसणं फार मोलाचं असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिच्यासारख्या संस्थांच्या शाळांतून घडलेली शेतकऱ्यांची मुलं पुढे स्वतः शिक्षक झाली, आणि आमच्या भागातली माध्यमिक शाळा त्यांच्याच जिवावर उभी राहिली. तीच पिढी आता संपते आहे.

साहेब, खासगी अनुदानित शाळेतला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. त्याची निवृत्तीची तारीख तो रुजू होतो त्याच दिवशी आपल्या खात्याला कळते. तरीही जागा रिकामी झाल्यावरच हालचाल सुरू होते: संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदं मंजूर करणं), अतिरिक्त शिक्षकांचं दुसऱ्या शाळांत समायोजन, बिंदुनामावलीची (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याच्या यादीची) तपासणी, मग पोर्टलवर जाहिरात. तोवर दहावीच्या एक-दोन तुकड्या गणिताच्या शिक्षकाविना बोर्डाला बसलेल्या असतात. हीच साखळी निवृत्तीच्या वर्षभर आधी सुरू करायला काय अडचण आहे?

प्रत्येक शिक्षकाचं लिंग, जन्मतारीख, विषय आणि नेमणुकीचा प्रकार खात्याकडे आहे. ३० सप्टेंबरच्या पटावर होणाऱ्या पुढच्या संचमान्यतेआधी नववी-दहावीच्या शिक्षकांची ही माहिती जिल्हावार, वयोगटानुसार प्रसिद्ध करा. पुढच्या पाच वर्षांत किती सर आणि किती मॅडम निवृत्त होणार, कोणत्या विषयाचे, आणि चाळिशीच्या आतले किती उरतात, हे राज्याला कळू द्या. त्याचबरोबर माध्यमिकचा शिक्षणसेवक कालावधी रद्द करून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन देण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळासमोर ठेवा. सुरुवात आपल्या मतदारसंघापासून, मालेगावपासून केलीत तरी आम्हाला आनंदच होईल.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
सोलापूर जिल्हा