कॅपसूल पाठवत नाही, पत्र पाठवतोय

रोहा,
रविवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, दुकानातून त्या गॅसच्या कॅपसूलच्या चार-पाच स्ट्रिप कुरिअर करा, रोज जेवल्यावर पोट डब्ब होतंय." करत नाही. आई रागावली आहे माझ्यावर. पोरगी बेंगळुरूत एकटी आणि हा माणूस इथे नियम सांगत बसलाय, म्हणाली. ती कॅपसूल डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची आहे हे तर खरंच, पण ते सोड. मुळात ती तुझ्या दुखण्याची नाही.

त्या कॅपसुलीत दोन औषधं असतात, पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोन. पँटोप्राझोल जठरातलं आम्ल कमी करतं. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, अल्सर असं काही असेल तर त्याचं काम चोख. पण मी दोनदा विचारलं तेव्हा जळजळ नाही म्हणालीस, नुसतं फुगतं म्हणालीस. फुगवणारा वायू बहुतेक मोठ्या आतड्यात तयार होतो. जठरातलं आम्ल दाबून तो कमी व्हायचं काही कारण नाही. डोम्पेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध. 2014 साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने ते तेवढ्यापुरतंच ठेवलं, आणि पोट फुगणं, जळजळ यांसाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलं, कारण काही जणांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. आपल्याकडे मात्र ती कॅपसूल शेंगदाण्यासारखी खपते. लग्नसराईत तर लोक जेवायच्या आधीच घेऊन ठेवतात. शिवाय आम्ल महिनोन्महिने दाबून ठेवलं की बी12 आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं, आणि तुझं बी12 मागच्या तपासणीतही काठावरच होतं.

आता वायू येतो कुठून ते ऐक. थोडी हवा आपण खाता-पिता गिळतो. ती बरीचशी ढेकरेवाटे परत जाते. बाकीचा वायू आतड्यातले जिवाणू तयार करतात. लहान आतड्यात जे पचलं नाही ते मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे जिवाणू ते आंबवतात, आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही निघतो. या कशालाच वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि ती अगदी किंचित असतात. दिवसातून दहा-वीस वेळा वात सरणं निरोगी माणसाचंच लक्षण. तू ऑफिसात दिवसभर दाबून धरतेस आणि संध्याकाळी जीन्सचं बटण लागत नाही म्हणतेस, त्यात नवल काय! लाजू नकोस. उठावं, जिन्यापर्यंत जाऊन यावं. मी औषधाच्या दुकानात जन्म घालवला, मला यात लाजण्यासारखं काही वाटत नाही.

आईने तुझ्याकडून दिवसभराचं खाणं विचारून घेतलं ना, तो कागद माझ्यासमोर आहे. सकाळी कच्च्या मटकीचं सॅलड, वर कच्चा कांदा. अकराला मोठा ग्लास कोल्ड कॉफी. दुपारी मीटिंग चालू असताना दहा मिनिटांत डबा. मग तोंडात शुगर-फ्री च्युइंगगम. चारला प्रोटीन बार. रात्री साडेदहाला राजमा-चावल आणि सोडा, "पचायला". अगं, तुझं पोट बिचारं याहून वेगळं वागणार कसं?

त्या बारच्या वेष्टनाचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. बारीक अक्षरात चिकोरी रूट फायबर आणि माल्टिटॉल लिहिलंय. चिकोरीच्या मुळातला तंतू म्हणजे इन्युलिन, तो आतड्यातल्या जिवाणूंचं आवडतं खाणं. माल्टिटॉल, आणि च्युइंगगममधला सॉर्बिटॉल, हे साखरेऐवजी घातलेले गोड पदार्थ आतड्यात धड शोषलेच जात नाहीत. गम चघळताना हवा गिळतेस ती निराळीच. सोड्यात तर आयताच वायू भरलेला. तो पिऊन ढेकर आली की हलकं वाटतं, पण ती ढेकर बरीचशी त्या सोड्याचीच असते. इनोचंही तसंच. त्यातला खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल पाण्यात भेटले की फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड. जळजळीला क्षणभर बरं वाटेल, मोठ्या आतड्यातल्या वायूला त्याचा काही उपयोग नाही, आणि त्यात मिठात असतं ते सोडियमही भरपूर. तुझ्या काकांना रक्तदाब आहे, त्यांना तर मी देतच नाही.

दुधाचं मला सगळ्यात जास्त वाटतं. दुधातली साखर पचवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, मोठेपणी पुष्कळांचं कमी होत जातं, आपल्या देशात तर फारच जणांचं. लहानपणी गटागटा दूध प्यायचीस म्हणून आता चालेलच असं नाही. पंधरा दिवस कोल्ड कॉफी बंद करून बघ. दही-ताक सोडू नकोस. दह्यातले जिवाणू ती साखर थोडी आधीच फोडतात, म्हणून ते बहुतेकांना सोसतं.

कडधान्यं मात्र टाकून देऊ नकोस, मी ते ऐकून घेणार नाही. वाल, पावटे, मटकी, राजमा यांत रॅफिनोज, स्टॅचिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडायचं विकर माणसाच्या पोटात नसतंच, तुझ्याही नाही नि माझ्याही नाही. म्हणून तर तुझी आजी वाल रात्रभर भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायची, मोड आणून, सोलून डाळिंब्या करायची आणि फोडणीत हिंग टाकायची. भिजवणं, पाणी टाकणं, मोड आणणं, या तिन्हींनी त्या साखरा कमी होतात. थंडीत पोपटी लावतो तेव्हा मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, जाडं मीठ आणि ओवा पडतोच. ओव्याशिवाय पोपटी कुणी लावलेली मी पाहिली नाही. हिंग-ओव्याचा औषधी पुरावा भक्कम आहे असं मी म्हणणार नाही, पण चिमूटभराने नुकसानही नाही. तेव्हा मटकी खा, पण कच्ची नको, वाफवून. आणि आधी वाटीभर नको, दोन चमचे. आठवड्यागणिक वाढव, पोट सवय करून घेतं.

अजून एक गोष्ट, जी दुकानात कुणाला सांगायला वेळ मिळत नाही. काहींच्या पोटात वायू इतरांइतकाच असतो, पण आतडी हळवी असतात, तेवढ्यानेही तडस लागते. शिवाय अशा लोकांचा जेवल्यावर छातीखालचा पडदा खाली दबतो आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, म्हणून पोट पुढे येतं. आत वायू फारसा वाढलेला नसतो. कामाचा ताण, अपुरी झोप यांनी हे वाढतं.  यावर गोळीपेक्षा जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं बरं. शतपावली म्हण हवं तर, पण शंभर पावलांवर थांबू नकोस. आणि पोट साफ होतंय का ते बघ. मलावरोध असला की वायू मागेच अडकून राहतो, मग बाकीचे सगळे उपाय फुकट. आई सांगते, पाळीच्या आधीचे चार दिवसही लिहून ठेव; त्या दिवसांत आतड्यांची हालचाल मंदावते आणि फुगणं वाढतं.

औषधच हवं असेल तर सिमेथिकॉन. ते बुडबुडे फोडतं, शरीरात शोषलं जात नाही, त्यामुळे बिनधोक. पण मोठी आशा ठेवू नकोस. पेपरमिंट तेलाच्या कॅपसुलांचा हळव्या आतड्यांना त्यातल्या त्यात जास्त उपयोग होतो, जळजळ असणाऱ्यांनी मात्र टाळाव्यात.

आता जरा गंभीर. वजन आपोआप घटणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन उतरणं, यातलं काहीही असलं तर घरगुती उपाय बंद आणि थेट डॉक्टर. आपल्या देशात आतड्याचा क्षयही असतो, जिआर्डियासारखे जंतूही. जिआर्डियात सडक्या अंड्यासारख्या ढेकरा येतात आणि त्याचा औषधाने बंदोबस्त होतो. पोट फुगलं, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही, असं झालं तर ते आतडं अडकल्याचं असू शकतं, रात्र घरी काढायची नाही. पन्नाशीपुढच्या बाईचं पोट काही आठवडे सतत फुगलेलं राहिलं तर अंडाशय तपासून घ्यावे लागतात; ही ओळ तुझ्या मावशीला फोनवर वाचून दाखव, ती माझं ऐकत नाही.

आणि "गॅस झालाय" म्हणत येणारी सगळीच माणसं गॅसची नसतात. एकदा भर दुपारी एक गृहस्थ काउंटरवर आले, शर्ट घामाने चिकटलेला, एक हात छातीवर, दुसऱ्या हातात सुटे पैसे. "इनो द्या पटकन, गॅस चढलाय." मी इनो दिलं नाही, त्यांना स्टुलावर बसवलं, समोरची रिक्षा थांबवून दवाखान्यात पाठवलं. हृदयविकाराचा झटका होता, वाचले. छातीत दडपण, घाम, जबडा किंवा डावा हात दुखणं, चालताना दम लागणं, असं कुणाचंही दिसलं, तुझ्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीचं का असेना, तर इनो शोधत बसायचं नाही. बायकांत तर नुसती मळमळ आणि थकवाही पुरतो.

तुला यातलं काही नाही असं तू म्हणतेस, म्हणून पंधरा दिवस मी सांगतो तेवढंच कर. कोल्ड कॉफी, च्युइंगगम, बार आणि सोडा बंद. डबा मीटिंग संपल्यावर, मोबाइल बाजूला ठेवून. रात्रीचा राजमा दुपारी. एका वहीत काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं होतं, एवढं लिही. मग एकेक गोष्ट परत सुरू करून बघ, सगळ्या एकदम नाही, म्हणजे दोषी कोण ते कळेल. कांदा-लसूण-गहू सगळंच कायमचं बंद करायच्या इंटरनेटवरच्या फंदात पडू नकोस. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने तो आहार नीट बसवला, पण त्यांनीही तो काही आठवड्यांपुरताच आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायला सांगितलाय. तरी फरक पडला नाही तर पोटाच्या डॉक्टरांची वेळ घे आणि ती वही सोबत ने.

कॅपसूलऐवजी आईने सुके वाल आणि ओव्याची पुडी कुरिअर केली आहे. वाल भिजवलेलं पाणी टाकून दे, भाजीत घालू नकोस.

तुझे,
बाबा