खर्चाच्या बिलांना संगणकी नियम लावताना सीमाभागाचा विचार व्हावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील कारखाने, निपाणी-संकेश्वर पट्ट्यातील व्यापारी पेढ्या आणि जिल्हाभर शाखा असलेल्या पतसंस्था यांच्यापैकी काहींनी दौऱ्यावर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या खर्चाची बिले तपासण्याचे काम अलीकडे संगणकातील ठरावीक नियमांकडे सोपवण्यास सुरुवात केली आहे. कर्मचारी मोबाइलवर बिलाचा फोटो काढतो, ॲप त्यावरील तारीख, रक्कम आणि विक्रेत्याचे नाव वाचून घेते आणि आधी भरून ठेवलेल्या मर्यादांशी ते ताडून पाहून बिल मंजूर करते, अडवते किंवा परत पाठवते. लेखा विभागात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मला हा बदल हवासा वाटतो. परंतु हे नियम बहुधा बंगळूर किंवा पुण्यात बसून, एकाच राज्यात फिरणारा कर्मचारी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले जातात आणि आपल्याकडे जसेच्या तसे लावले जातात, त्यामुळे प्रामाणिक माणसाचे पैसे अडकून पडतात. हा पत्रप्रपंच त्यासाठीच.

जुन्या पद्धतीचे दोष मी जवळून पाहिले आहेत. व्हाउचरला चिकटवलेली बिले विभागप्रमुखाच्या टेबलावर आठवडाभर, लेखा विभागात आणखी आठवडाभर आणि रोखपालाकडे पुढची तारीख मिळेपर्यंत पडून राहत. यंत्र बसवून देण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी बाहेरगावी जाणारा फिटर, वसुलीसाठी फिरणारा कारकून, मालाबरोबर जाणारा ड्रायव्हर यांनी स्वतःच्या खिशातून भागवलेली रक्कम महिना-महिना परत मिळत नसे आणि घरखर्चासाठी त्यांना उसनवारी करावी लागे. साहेबांच्या मर्जीतल्या माणसाचे बिल दोन दिवसांत आणि इतरांचे दोन महिन्यांत निघते, ही तक्रारही सगळीकडे ऐकू येत असे. सर्वांना सारखाच लागू होणारा, आधी जाहीर केलेला नियम या दोन्ही दुखण्यांवर उत्तम उपाय आहे, म्हणूनच तो नीट लिहिला जावा अशी कळकळ वाटते.

माझे मुख्य म्हणणे असे आहे की, संगणकाच्या नियमाला दोनच निकाल देण्याची मुभा असावी. बिल सर्व कसोट्यांवर उतरले, तर ते लगेच मंजूर होऊन रक्कम कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा व्हावी. काही शंका असेल, तर शंकेचे नेमके कारण लिहून ते बिल एका जबाबदार माणसाकडे जावे आणि त्याने ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा. बिल परस्पर नाकारण्याचा अधिकार नियमाला मुळीच असू नये. कारण नियम लिहिताना जे कोणाला सुचलेले नसते, ते प्रत्यक्ष रस्त्यावर घडत असते आणि सीमाभागात तर ते रोजच घडते.

सर्वांत आधी ‘परराज्य दौरा’ हा नियम पाहावा. बहुतेक तयार प्रणालींमध्ये राज्याबाहेर जाण्यासाठी पूर्वपरवानगी सक्तीची असते आणि ती नसेल तर बिल अडते. बेळगावहून अथणीला जायचे तर शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो, पण तो राज्यांतर्गत ठरतो. शहरापासून जवळच असलेली शिनोळीची औद्योगिक वसाहत मात्र चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. संकेश्वरच्या माणसाला गडहिंग्लज आणि निपाणीच्या माणसाला कागल म्हणजे रोजच्या कामाची गावे. माझ्या माहितीतील एका कारखान्यात शिनोळीला सुटे भाग पोहोचवणाऱ्या कामगाराची रिक्षा-टेंपोची बिले याच नियमाखाली सलग अडकत राहिली आणि प्रत्येक वेळी त्याला व्यवस्थापकाची सही आणण्यासाठी अर्धा दिवस घालवावा लागला. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींमध्ये हेडक्वार्टर, एक्स-हेडक्वार्टर आणि आऊटस्टेशन अशी जी विभागणी पूर्वीपासून चालत आली आहे, ती या बाबतीत अधिक शहाणपणाची आहे, कारण ती माणूस कुठल्या गावी गेला आणि रात्री मुक्काम केला की परत आला यावर भत्ता ठरवते. आपल्याकडील संस्थांनी राज्याची सीमा बाजूला ठेवून गावांची यादी आणि अंतर यांवर नियम बांधावा. यादी करायला एक दुपार पुरते.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत घोटाळा अधिक खोल आहे आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या करात नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचा संकेत दाखवतात. कर्नाटकासाठी २९, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. कोल्हापूरच्या लॉजमध्ये मुक्काम केला तर त्या सेवेचे ठिकाण कायद्याने कोल्हापूर हेच धरले जाते आणि बिलावर केंद्राचा आणि महाराष्ट्राचा कर लागतो. ज्या कंपनीची नोंदणी फक्त कर्नाटकात आहे, तिला या कराचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर स्वतःच्या देय करातून वजा करून घेण्याची सवलत, मिळत नाही. हे खरे असले तरी तो प्रश्न कंपनीच्या हिशेबाचा आहे. कर्मचाऱ्याने कंपनीच्या कामासाठी मुक्काम केला आणि पूर्ण बिल भरले, तर त्याला पूर्ण रक्कम मिळालीच पाहिजे. कराचा भाग खर्चात टाकायचा की क्रेडिटमध्ये घ्यायचा, एवढेच नियमाने दोन अंकांवरून ठरवावे. प्रत्यक्षात मात्र ‘संकेत २९ नसेल तर बिल अमान्य’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. ज्या कंपन्यांची शिनोळीकडेही नोंदणी आहे, त्यांनी तर महाराष्ट्रातील मुक्कामाचे बिल त्या दुसऱ्या क्रमांकावर घेण्याची सूचना कर्मचाऱ्यांना आधीच द्यावी आणि बिलावर कंपनीचा कोणता क्रमांक आला आहे ते नियमाने तपासावे, म्हणजे हक्काचे क्रेडिट वाया जाणार नाही.

त्याचप्रमाणे, प्रत्येक जेवणाच्या बिलावर कर क्रमांक हवाच, या अटीलाही आधार नाही. सेवा पुरवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीच करावी लागत नाही आणि कंपोझिशन या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेतील हॉटेलला बिलात ग्राहकाकडून वेगळा कर वसूल करता येत नाही. चिकोडीच्या किंवा खानापूरच्या बसस्थानकाजवळील खाणावळीकडून क्रमांक असलेले बिल कसे मिळणार? शिवाय जेवणखाण्यावरील कराचे क्रेडिट सर्वसाधारण कंपनीला कायद्यानेच मिळत नसताना तो क्रमांक तपासून साधणार तरी काय? कर्मचाऱ्याला मोठ्या हॉटेलात जाऊन दुप्पट पैसे खर्च करायला लावणारा हा नियम कंपनीचेच नुकसान करतो. जेवणासाठी ठरावीक दैनिक भत्ता द्यावा आणि बिल मागू नये, हा जुना रिवाज इथे अधिक सोपा आणि स्वस्त आहे.

लिपीची अडचण वेगळी सांगायला नको. कर्नाटकाच्या बसचे तिकीट कन्नडमध्ये, एस.टी.चे मराठीत, हॉटेलचे इंग्रजीत आणि गॅरेजवाल्याची पावती हाताने लिहिलेली, अशी सर्व बिले एकाच दौऱ्यात गोळा होतात. इंग्रजी छापील बिलावर तयार झालेले ॲप कन्नड आकडा चुकीचा वाचते किंवा रक्कम कोरी सोडते आणि मग ‘बिलाची रक्कम जुळत नाही’ असा शेरा पडतो. काही परदेशी प्रणाली तारखेत आधी महिना धरतात. ०५/०६ ही ५ जूनची तारीख त्यांना ६ मे वाटते आणि तीस दिवसांच्या मुदतीत दिलेले बिल मुदतबाह्य ठरते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले असले तरी बिलांवर जुने-नवे दोन्ही प्रकार आढळतात. खानापूर तर आपल्या जिल्ह्यातही आहे आणि सांगली जिल्ह्यातही. प्रणाली बसवणाऱ्याला हे सारे पहिल्याच दिवशी सांगून ठेवले पाहिजे, आणि वाचनाची खात्री नसेल तिथे बिल थेट माणसाकडे गेले पाहिजे.

एकच बिल दोनदा सादर होणे हा गैरप्रकार मात्र खरा आहे आणि तो पकडण्यात संगणक माणसापेक्षा निश्चितच सरस आहे. फक्त रक्कम आणि तारीख जुळली म्हणून बिल दुबार समजू नये. दोन फिटर एकाच बसने हुबळीला गेले, तर दोघांचे भाडे सारखेच असणार. तिकीट क्रमांक किंवा बिल क्रमांक, विक्रेता, तारीख आणि रक्कम या चारही गोष्टी जुळल्या तरच शंका घ्यावी. टोलच्या बाबतीतही असेच आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाल्याने हत्तरगी आणि कोगनोळी येथील टोलची नोंद वाहन क्रमांकासह बँकेच्या विवरणात मिळते, त्यामुळे दावा आणि विवरण यांची जुळणी आपोआप होऊ शकते आणि पावतीचा कागद मागण्याची गरजच उरत नाही. परंतु चोवीस तासांत परतल्यास दोन्ही फेऱ्यांचा मिळून दीडपट टोल लागतो, म्हणजे येतानाची कपात जातानाच्या निम्मी असते. प्रत्येक फेरीस सारखी रक्कम गृहीत धरणाऱ्या नियमाला हे ठाऊक नसेल, तर तो दर वेळी बरोबर असलेल्या नोंदीवर बोट ठेवील.

पावसाळ्याचा विचार तर कोणत्याच तयार नियमावलीत दिसत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला, तेव्हा पुण्याहून बेळगावला निघालेली माणसे मध्येच अडकली. अशा वेळी वाढलेला मुक्काम आणि लांबचा वळसा हा त्या माणसाचा दोष नसतो. नकाशावरील सर्वांत जवळच्या मार्गाचे अंतर धरून किलोमीटरचा दर देणाऱ्या नियमात ‘रस्ता बंद’ असे कारण नोंदवण्याची जागा हवी. दोन्ही राज्यांतील बससेवा तणावामुळे थांबण्याचे प्रसंगही डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. बस उपलब्ध असताना टॅक्सीचे भाडे मिळणार नाही, ही अट एरवी योग्यच आहे, परंतु त्या दिवसांत सीमेपर्यंत एका वाहनाने आणि पुढे मिळेल त्या दुसऱ्या वाहनाने जाण्यावाचून कामावरच्या माणसाला गत्यंतर नव्हते. असे दिवस लेखा विभागाने स्वतःहून प्रणालीत नोंदवावेत, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्तमानपत्राचे कात्रण जोडत बसावे लागणार नाही.

मालकवर्गाची बाजूही न्याय्य आहे. पाचशे रुपयांपर्यंत बिल लागत नाही असे कळले की चारशे नव्वदचे दावे वाढतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. एका दिवशी एका व्यक्तीला १० हजार रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात सर्वसाधारणपणे मान्य होत नाही, म्हणून एकच काम दोन बिलांत तोडण्याचा मोह होतो. यावर एकेका बिलावर संशय घेऊन उपयोग नाही. तीन-चार महिन्यांचे दावे एकत्र पाहून, तेच काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या दाव्यांशी त्यांची तुलना केली तर खरे चित्र दिसते. आपोआप मंजूर झालेल्या बिलांपैकी काही बिले कोणतीही पूर्वसूचना न देता दर महिन्याला हाताने तपासावीत, आणि यातून साहेबांची बिले वगळू नयेत. मात्र हे करताना कर्मचाऱ्याच्या मोबाइलवरून तो दिवसभर कुठे होता याचा माग ठेवण्याची जी टूम निघाली आहे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा केला आहे, आणि बसच्या तिकिटाची शहानिशा करण्यासाठी एखाद्याच्या सुट्टीच्या दिवसाची माहिती गोळा करणे मला कोणत्याही दृष्टीने समर्थनीय वाटत नाही.

नवे नियम सुरू करण्यापूर्वी मागील वर्षाची मंजूर झालेली बिले त्यांतून एकदा चालवून पाहावीत. त्यातील किती बिले अडतात आणि का अडतात हे पाहिले, की कोणता नियम सदोष आहे ते तिथेच कळेल. त्यानंतर दोन-तीन महिने जुनी आणि नवी पद्धत बरोबरीने चालवावी. नियम ठरवणाऱ्या बैठकीत एखादा फिटर, एखादा ड्रायव्हर आणि एखादा वसुली कारकून असावा. नियम कोणी, कधी आणि कशासाठी बदलला याची नोंद राहावी, आणि बदल झाल्याच्या तारखेआधीच्या खर्चाला तो लावू नये. बिल थांबले तर त्याचे कारण कर्मचाऱ्याला मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्याला समजेल अशा वाक्यात कळवावे. ‘पॉलिसी व्हायोलेशन’ एवढ्या दोन शब्दांवरून त्याने काय दुरुस्त करावे, हे त्याला कळत नाही. ठरलेल्या मुदतीत, समजा सात दिवसांत, माणसाने निर्णय दिला नाही तर बिल मंजूर समजून रक्कम द्यावी.

येत्या १ एप्रिलपासून ही पद्धत सुरू करण्याच्या विचारात असलेल्या संस्थांनी या सूचनांचा विचार करावा आणि उद्योजकांच्या संघटनांनी सीमाभागासाठी गावांची, अंतरांची आणि करसंकेतांची एक सामाईक यादी तयार करून सर्व सभासदांना उपलब्ध करून द्यावी, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे. छोट्या पेढ्यांना महागडे सॉफ्टवेअर परवडत नसले तरी ही यादी त्यांच्या साध्या एक्सेलमध्येही वापरता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल,
टिळकवाडी, बेळगाव