सईच्या उशाशी ठेव

प्रिय नंदा,

काल फोनवर वॉर्डातलं कुणाचं तरी बाळ रडत होतं, आणि तूही. तुझ्या सईच्या डेंग्यूबद्दल मी काय सांगितलं त्यातलं निम्मंही तुझ्यापर्यंत पोचलं नसणार. म्हणून लिहून विकासच्या हाती देतेय. त्याआधी तीन महिने फोन केला नाही, त्याची माफी समोर आल्यावर मागेन. आम्ही सगळे बरे आहोत.

आधी फाइलचं पहिलं पान उघड आणि सईचं वजन बघ. १४ किलो आहे ना? कुणी वयावरून अंदाजे आकडा टाकला असेल तर तिला काट्यावर उभी करायला लाव. लहान मुलांचं प्रत्येक औषध त्या एका आकड्यावर ठरतं. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे तिला एका वेळी २१०, आणि दोन डोसांत सहा तासांचं अंतर. पण सिरप दोन ताकदींचं मिळतं. ५ मिलिमध्ये १२० असेल तर पावणेनऊ मिलि लागतं, २५० असेल तर चार मिलिच्या जरासं वर. मेडिकलमधून बाटली बदलून आली आणि माप जुनंच राहिलं, तर दुप्पट औषध पोटात जातं. बाटलीवरचा आकडा सिस्टरना मोठ्याने वाचून दाखव. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन डेंग्यूत अजिबात नको, घरून कुणी कितीही प्रेमाने आणलं तरी.

आता सलाइन. बाटलीखालच्या छोट्या नळकांड्यात थेंब पडताना दिसतात ना, ते घड्याळ लावून मिनिटभर मोज. मुलांच्या बारीक थेंबांच्या सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिलि होतो, म्हणून मिनिटाला जितके थेंब तितके तासाला मिलि. तिच्या वजनाला रोजची नेहमीची गरज १२०० मिलि, तासाला ५०. डेंग्यूत डॉक्टर हा वेग रिपोर्ट बघून कमीजास्त करतात, तेव्हा ‘आत्ता तासाला किती?’ एवढं प्रत्येक राउंडला विचार. रात्री मोठ्यांचा सेट लागला, तर त्यात २० थेंबांचा मिलि होतो. तेच ५० थेंब तिप्पट पाणी देतात. जास्तीचं पाणी छातीत-पोटात साठतं. पापण्या सुजल्या किंवा श्वास भरभर चालला तर लगेच सांग. सुईची जागा फुगली, गार पडली तर हात हलवून बघत बसू नकोस, सिस्टरना बोलाव.

मला खरी धास्ती उद्या-परवाची आहे. ताप उतरेल, सासूबाई देवापुढे साखर ठेवतील, आणि नेमके तेच २४ ते ४८ तास सांभाळायचे असतात. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं ते तेव्हाच. सगळे प्लेटलेट विचारतील. तू त्याच रिपोर्टवरचा हिमॅटोक्रिट बघ, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का; कुठे पीसीव्ही लिहितात. तो ३४ वरून ४१ कडे निघाला आणि प्लेटलेट घसरतायत, म्हणजे पाणी झिरपतंय. पोट सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणं, हातपाय गार पडणं, यातलं एकही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. तिच्या बोटाचं पेर पाच सेकंद दाब, पांढरं होतं. सोडल्यावर ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत गुलाबी व्हायला हवं. लघवी मापाच्या भांड्यात घे आणि वेळ लिही. सहा तासांत ८० मिलिच्या आसपास झाली तर उत्तम. सहा तास झालीच नाही तर ताबडतोब सांगायचं. डाळिंबाचा आणि बिटाचा रस परत पाठव. उलटीत लाल दिसलं तर रक्त की रस, कुणालाच कळणार नाही.

आणि सांगायचं कसं? ‘जरा बघता का’ असं नाही. ‘दुपारी दोनपासून लघवी नाही, ताप उतरलाय पण पाय गार आहेत, कृपया डॉक्टरांना आत्ता बोलवा.’ आधी सिस्टर, मग ड्यूटी डॉक्टर, तेही आले नाहीत तर मोठ्या डॉक्टरांना फोन लावायला सांग, आणि कुणाला किती वाजता सांगितलं ते वहीत टीप. नववीत गणिताच्या पेपरची बेरीज चुकली होती तरी ‘बाईंना वाईट वाटेल’ म्हणून तू गप्प बसलीस, आणि आपण दोन दिवस बोललो नाही. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही! चांगल्या सिस्टरना विचारणारी आई आवडते गं, खरंच. पाळी बदलताना तर तिथेच उभी राहा, निम्म्या गोष्टी तेव्हाच सांगायच्या राहतात. रोजच्या रिपोर्टचा फोटो काढून ठेव. पुढे सगळे कागद हवे असतील तर लेखी अर्ज दे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमाप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात.

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंचा गुडघा? सावकाश कळव.

सईला सांग, सलाइनच्या स्टँडला नाव ठेवायचं काम तिचं. गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने येतेय, रात्री मी बसेन तिच्याजवळ. तू घरी जाऊन झोपायचं आहेस, यावर वाद नको. वही मात्र माझ्या हातात देऊन जा.

तुझी,
माधुरी