रॅम्प धरणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

हे पत्र दर शनिवारी मुलांना घेऊन परळच्या हॉलमध्ये येणारे आम्ही सगळे पालक मिळून लिहितोय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो काकू, त्यात काय एवढं" म्हणता आणि चेंडू पुसायला घेता. म्हणून हे लिहून, आणि चारचौघांत. तुम्ही काय केलंत ते इतरांनाही कळायला हवं.

इतरांसाठी थोडं आधीपासून सांगावं लागेल. आमची मुलं व्हीलचेअरवर बसून बोचिया नावाचा चेंडूंचा खेळ खेळतात. त्याचं मैदान साडेबारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. सहा लाल चेंडू, सहा निळे आणि एक पांढरा, ज्याला जॅक म्हणतात. जॅकच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू न्यायचे, एवढाच खेळ. 1984 पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. आमची मुलं बीसी-3 गटातली, म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पायांवर इतका परिणाम झालेला की चेंडू हाताने फेकता येत नाही. ती रॅम्पवरून, म्हणजे एका उतरत्या पन्हळीवरून, चेंडू सोडतात. कुणी बोटाने, कुणी हनुवटीने, कुणी डोक्याला बांधलेल्या दांडीने. हा रॅम्प हलवायला खेळाडूसमोर एक माणूस बसतो. त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं, फेरी संपेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, स्वतःहून काही सुचवायचं नाही. वळून बघितलं तर प्रतिस्पर्ध्याला दंडाचा जादा चेंडू मिळतो. खेळाडू सांगेल तेवढंच करायचं.

ही जागा तुम्ही घेतलीत. तुमच्या आधी मदतीला माणसं आलीच नाहीत असं नाही. एका कंपनीची मंडळी सारखे टी-शर्ट घालून आली होती. त्यांनी मुलांचा हात आपल्या हातात धरून चेंडू ढकलले, टाळ्या वाजवल्या, बॅनरसमोर फोटो काढले आणि खाऊ वाटून गेली. पुन्हा फिरकली नाहीत. एका हॉलवाल्यांनी व्हीलचेअरच्या चाकांनी लाकडी फ्लोअरिंगवर डाग पडतील म्हणून जागा नाकारली. डाग काळ्या रबराचे पडतात, डाग न पाडणारे करडे टायर सरळ बाजारात मिळतात, पण हे ऐकून घ्यायची तयारीच नव्हती. आणि शाळा! पीटीच्या तासाला बाकी वर्ग मैदानात आणि आमचं मूल फळ्यासमोर एकटं, हे आमच्यातल्या बहुतेक घरांनी बघितलंय. फार झालं तर स्पोर्ट्स डेला गुण लिहायला बसवायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 30 खेळांबद्दलच आहे. सरकारने दिव्यांगांचा खेळातला सहभाग वाढवावा, सोयी कराव्यात, असं त्यात लिहिलंय. ते कलम दाखवल्यावर एका मुख्याध्यापकांनी आम्हाला विचारलं, "पण ही मुलं खेळणार काय?" त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही.

मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक आणलं आणि त्यांना पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. तेव्हा आमच्या मुलांकडे कुणी बघितलं नाही याचं नवल नाही. पण दुःख व्हायचं ते होतंच.

आता रॅम्पबद्दल. परदेशी रॅम्पची किंमत ऐकून आम्ही गप्प झालो होतो. तुम्ही टेप काढलीत आणि चेंडूचा घेर मोजलात. 270 मिलिमीटर, म्हणजे व्यास साधारण 86. तुम्ही 90 चा पीव्हीसी पाइप उभा चिरून पाहिलात. त्याचं आतलं माप चेंडूपेक्षा किंचित कमी, त्यामुळे चेंडू आत न बसता दोन्ही कडांवर घासत उतरायचा आणि मध्येच अडायचा. मग 110 चा घेतलात. त्यात तो मोकळा उतरायचा, पण या भिंतीवरून त्या भिंतीवर डुलत यायचा आणि तोंडाशी पोचेपर्यंत त्याची दिशा बदललेली असायची. शेवटी तुम्ही त्याच पाइपात तळाशी ॲक्रिलिकच्या चार मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या चिकटवल्यात, एकमेकींपासून चाळीस मिलिमीटरवर. आता चेंडू तळाला टेकतच नाही, दोन पट्ट्यांवरून सरळ खाली येतो. खालचं टोक कानशीने इतकं घासलंत की बोट फिरवलं तर पाइप कुठे संपला आणि लादी कुठे सुरू झाली ते कळत नाही. कारण तिथे दोन मिलिमीटरची पायरी राहिली तरी चेंडू उडी मारतो आणि सगळा नेम वाया जातो.

एवढी बारकाई कशाला, असं कुणी विचारलं तर आम्ही आता हिशेब सांगतो. आठ मीटरवरच्या जॅकला नेम धरताना रॅम्प एक अंश जरी चुकला तरी चेंडू तिथे पोचेपर्यंत चौदा सेंटिमीटर बाजूला जातो. म्हणजे दीड चेंडूपेक्षा जास्त. मुलाचा नेम बरोबर आणि रॅम्प डळमळीत असला तर हरतं मूल, आणि बघणारे म्हणतात, "बिचाऱ्याला जमत नाही."

रॅम्पच्या बाजूला दर पाच सेंटिमीटरवर रंगीत टेप लावून तुम्ही आकडे घातलेत आणि कुठल्या आकड्यावरून चेंडू किती लांब जातो याचा तक्ता केलात. पावसाळ्याचा तक्ता वेगळा. जुलैत हॉलची लादी ओल धरते, चेंडूचं आवरण दमट होतं, आणि मेमध्ये ज्या खुणेवरून चेंडू जॅकला भिडायचा तिथूनच तो हातभर अलीकडे थांबतो. मुलांना वाटायचं आपलंच काहीतरी बिघडलं. तुम्ही दोन्ही तक्ते शेजारी ठेवून त्यांना दाखवलंत, चेंडूंच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, आणि मुलांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

खुर्चीतल्या बसण्याकडेही तुमचं तेवढंच लक्ष. कंबर पाठीमागे पूर्ण टेकलेली, पट्टा पोटावर नाही तर मांडी आणि कंबर जुळते तिथे, तिरका, घट्ट. पावलं फूटरेस्टवर सपाट. पाय लोंबकळत राहिले की ते ताठ होतात, मागोमाग अख्खं शरीर ताठरतं आणि मूल खुर्चीतून पुढे घसरतं. मग हात कितीही सरावाचा असो, चेंडू सुटतो भलत्याच वेळी. मुलाला बाजूने हाक मारायची नाही हेही आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. आमच्यातल्या काही मुलांची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात आपोआप लांब होतो आणि दुसरा आखडतो. त्यांच्या इच्छेचा त्यात काही संबंध नसतो. म्हणून तुम्ही समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून बोलता. टाळ्यांचंही तसंच. अचानक आवाज झाला की अंग दचकतं, म्हणून चेंडू पूर्ण थांबेपर्यंत हॉलमध्ये कुणी 'शाब्बास' म्हणायचं नाही. सुरुवातीला हा नियम आम्हाला जाचक वाटला होता. आता नवीन आलेल्या आजी-आजोबांना आम्हीच गप्प करतो.

हे सगळं मोठंच आहे. पण आम्ही पत्र लिहायला बसलो ते तुमच्या एका हातासाठी.

आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी बोलत नाही. डावीकडे बघितलं तर रॅम्प डावीकडे, उजवीकडे बघितलं तर उजवीकडे, डोळे मिटले की थांबा, अशी तिची भाषा. त्या शनिवारी जॅक उजव्या अंगाला होता आणि ती मात्र डावीकडे बघत होती. आम्हा सगळ्यांना बाहेरून दिसत होतं की हे चुकतंय. भिंतीकडेच्या खुर्च्यांतून आवाज सुरू झाले. "उजवीकडे घ्या हो, उजवीकडे!" कुणीतरी उठलंसुद्धा. तुम्ही मैदानाकडे पाठ करून बसला होतात. सराव होता, पंच नव्हते, दंड नव्हता. मागे वळून एक नजर टाकली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. तुम्ही वळला नाहीत. डावा हात मागे, आमच्या दिशेने नेलात, तळवा उघडा धरलात आणि तसाच ठेवलात. थांबा, म्हणून. उजव्या हाताने रॅम्प तिच्या नजरेबरोबर डावीकडे नेलात. तिने डोळे मिटल्यावर थांबलात.

चेंडू चुकला. चांगला फूटभर. तुम्हाला ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण तुम्ही तिच्याकडेच बघत होतात. तुम्ही 'असू दे' म्हणाला नाहीत, 'छान होतं' असंही नाही. तुम्ही विचारलंत, "आता कुठे?"

ती बराच वेळ काही बोलली नाही, म्हणजे तिची नजर हलली नाही. सामन्यात बीसी-3 च्या खेळाडूला एका फेरीत सहा चेंडूंसाठी सहा मिनिटं मिळतात, आणि त्यातली किती एका चेंडूवर घालवायची हे तिचं तिने ठरवायचं असतं. तुमचा हात आमच्या दिशेने तसाच. मग नजर उजवीकडे गेली. रॅम्प इंचभर हलला. अजून. अजून थोडा. डोळे मिटले. तिने हनुवटीने चेंडू सोडला आणि तो जॅकला चिकटून थांबला. तिचं हसणं आम्ही पूर्वीही पाहिलंय, पण असं नाही. तो चेंडू तिने चुकीतून शोधला होता आणि हे तिला माहीत होतं.

दादा, या मुलांच्या आयुष्यात मदतीला कधी तोटा नसतो. जेवण भरवायला, कपडे घालायला, उचलून ठेवायला सतत कुणीतरी असतं, आणि आम्ही आई-बाप त्यात सगळ्यात पुढे. त्यांनी मागायच्या आत आम्ही देतो. त्यांनी ठरवायच्या आत आम्ही ठरवतो. चुकायला त्यांना आम्ही जागाच ठेवली नव्हती. तुमच्या उघड्या तळव्याने ती जागा झाली. त्या दिवशी उठलेले बाबा घरी जाऊन मुलीसमोर कपाटातले दोन फ्रॉक धरून उभे राहिले, तिची नजर हलेपर्यंत. असं त्या घरात पहिल्यांदा घडलं.

तुमच्यामुळे आणखीही माणसं नीट दिसायला लागली. हॉलचा वॉचमन स्वतःची जेवणाची वेळ पुढे ढकलून दिवे चालू ठेवतो. कोपऱ्यावरचा चहावाला न सांगता आमच्या मुलांच्या कपात स्ट्रॉ टाकून देतो आणि चहा कोमट करूनच आणतो. लोकलच्या दिव्यांग डब्यात कुबड्या घेतलेले एक काका रॅम्पची लांबलचक पिशवी बघून वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखे बाजूला सरकतात. यातलं कुणी आमच्या नात्याचं नाही. मुंबईत कुणाला कुणासाठी वेळ नाही असं म्हणतात, आम्हीही म्हणायचो. चांगुलपणा या शहरात भरपूर आहे, तो बहुतेक वेळा काम करत असतो म्हणून दिसत नाही.

आणि जिन्यावर खुर्ची कशी न्यायची ते तुम्ही शिकवलंत, त्याचेही आभार. स्पर्धेच्या ठिकाणी लिफ्ट बंद निघाली तेव्हा आम्ही घाबरून आर्मरेस्ट धरायला धावलो होतो. आर्मरेस्ट आणि फूटरेस्ट निघून हातात येतात, तिथे धरायचं नाही. खालून फ्रेमला धरायचं. चढताना खुर्चीची पाठ जिन्याकडे, ताकदीचा माणूस वरच्या पायरीवर, आणि सगळ्यात आधी मुलाला विचारायचं, "उचलू का?" हा प्रश्न त्या धांदलीत फक्त तुम्हाला सुचला.

पुढच्या महिन्यापासून तुमची शिफ्ट बदलतेय आणि प्रत्येक शनिवारी यायला जमणार नाही, हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत, मुलांना सांगितलंत. तेही योग्यच. तुम्ही निश्चिंत राहा. आमच्यातले काहीजण गेले काही शनिवार तुमच्या जागेवर बसून बघतायत. मान मागे वळवायची नाही हे सगळ्यात अवघड आहे. पाठीमागे चेंडू घरंगळल्याचा आवाज आला की मान आपोआप फिरते. एका आईने त्यावर उपाय काढलाय: मुलाच्या शर्टाच्या वरच्या बटणावर नजर ठेवायची आणि फक्त डोळ्यांकडे जायला ती हलवायची. चालतंय. पट्ट्यांचं एक टोक उन्हाने सुटायला लागलंय, ते तुम्ही सुट्टी असेल तेव्हा येऊन बघा. तक्ता आम्ही जपून ठेवलाय, पावसाळ्याचाही.

आपले,
शनिवारच्या सरावाचे सगळे पालक
परळ, मुंबई